अडकल्याची खूण

पुरुषोत्तमनगर,
रविवार

प्रिय आशा,

ब्लाउज नंतर घालून बघ. आधी दार लोटून बस आणि हे पत्र वाच. पुडकं आशाच्याच हातात द्यायचं, दुसऱ्या कुणाच्या नाही, असं मी रेवाबाईंना दोनदा बजावलंय. आपल्या कर्णबधिर शाळेच्या होस्टेलमध्ये दहा वर्षं आपल्याला भाकरी करून घातली त्यांनी, तेव्हा एवढं काम त्या नक्की करतील. काल त्या तुमच्या खापरहून डोळे दाखवायला शहाद्याला आल्या होत्या आणि माझ्याकडे मुक्कामाला थांबल्या. मोबाईलवर न लिहिता ब्लाउजच्या घडीत पत्र का लपवलं, ते शेवटी सांगते. आधी बातमी, कारण ती माझ्या पोटात राहत नाहीये. आमच्या घरी फायबर आलं, आशा! गेल्या मंगळवारी. त्याच संध्याकाळी मी पहिला कॉल तुलाच केला होता, पण तो अर्धवटच राहिला. तू म्हणशील, नेटची तार बदलली यात एवढं नाचण्यासारखं काय? तुझ्या सासरी दोन वर्षांपासून आहेच की ते. पण आमच्याकडे ही एक तार बदलायला महिनाभर महाभारत झालं. त्यात माझं लग्न मोडता मोडता राहिलं, पार्वतीफुई सुरतेहून सामानासकट येऊन बसली आणि आप्पांचं गल्लीतलं राज्य गेलं. सगळं सविस्तर लिहिते. पानं मोजू नकोस.

आमच्या गॅलरीतली पेटी तुला आठवते ना? दिवाळीच्या सुट्टीत तू आली होतीस, तेव्हा तिच्यावर मांजर झोपायची आणि तू विचारलं होतंस की ही हिची गादी गरम कशी. तो केबलचा बूस्टर. केबलवाला जगदीश याने तो बसवला. लांबून येणारा सिग्नल दमतो, त्याला मध्येच कुठेतरी जोर द्यावा लागतो, ते काम ती पेटी करते. तिला लाइट आमच्या मीटरची आणि बदल्यात आमचा टीव्ही आणि नेट फुकट. पण आप्पांना फुकटाचं कौतुक नव्हतं, मानाचं होतं. कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची पस्तीस वर्षं गेली. उसाची प्रत्येक गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबायची. निवृत्त झाल्यावर त्यांच्यासमोर कुणी थांबेना, आणि नेमका त्याच वर्षी बूस्टर आला. मग काय, कुणाचाही टीव्ही गेला की अख्खी गल्ली आमच्या ओट्यावर! आप्पा चष्मा लावून गॅलरीत जाणार, लाल दिवा बघणार, प्लग काढून परत लावणार आणि डॉक्टरसारखं तोंड करून बाहेर येणार. या माणसाला केबल सोड म्हणणं म्हणजे काय, तूच विचार कर.

आता मिथुनचं सांगते. तो सुरतेला हिरे घासतो, आपल्यासारखाच कर्णबधिर आहे, घरी आई आणि मोठा भाऊ. मूळचे आपल्या रनाळ्याचे लोक. स्थळ आणलं पार्वतीफुईने, म्हणजे आप्पांच्या सुरतेच्या बहिणीने. हल्ली आधी व्हिडिओवर बघाबघी होते आणि जमलं तरच लोक गाडीत बसतात. तर एका रविवारी माझ्या शिलाई मशीनवर डबे रचून त्यावर मोबाईल उभा केला, मला मधे बसवलं, आणि मागे आप्पा, माय, दादा, सीमावहिनी असे सगळे फोटो काढायला बसल्यासारखे बसले. पहिली दोन मिनिटं झकास गेली. त्याने खुणांनी माझं नाव विचारलं, मी सांगितलं. त्याची बोटं इतकी स्वच्छ चालतात आशा, की मला आपल्या शाळेचं वक्तृत्व आठवलं. मग मी मोठ्यांना हात जोडून नमस्कार केला, आणि नेमकं तिथेच माझं चित्र त्यांच्याकडे अडकलं.

मला काय माहीत? मला तो दिसतच होता. केबलचं असं आहे की आपल्याकडे येणारं धो धो येतं आणि आपल्याकडून जाणारं बोळातून जातं. आप्पांचे सिनेमे न थांबता चालतात, म्हणून त्यांच्या मते आमचं नेट एक नंबर. पण आपण काय नुसतं बघतो? आपण बोलतो ते हातांनी, आणि ते तर पलीकडे जायला हवं ना? मी भाबडेपणाने माझा प्रश्न विचारत होते. पाच वर्षं राबून मी हे शिवणकाम उभं केलंय, कॉलनीतल्या निम्म्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, लग्नानंतर मी मशीन आणू ना? आणि मी हवी आहे ती तुला, की तुझ्या घरच्यांना? एवढं सगळं मी विचारलं, आणि तो बोटांत बोटं गुंतवून हिसका देत होता. तू मला दर कॉलला जी खूण करतेस ना, 'अडकलं'ची, जवळजवळ तशीच. त्याच्या आईला वाटलं, पोरगा उतावळा होऊन हातवारे करतोय. तिने त्याचे हात धरून मांडीवर दाबले. आशा, त्या क्षणी आमच्या दोघांचीही तोंडं बंद झाली आणि दोन्हीकडच्या मोठ्यांपैकी एकालाही ते कळलं नाही.

कारण आवाज चालू होता! आवाजाला म्हणे थोडीच जागा लागते, तो बोळातूनही निसटून जातो. मोठ्यांनी नऊ मिनिटं मस्त गप्पा मारल्या. त्या नऊ मिनिटांत काय झालं, ते नंतर सीमावहिनीने मला मोबाईलवर शब्दन् शब्द लिहून दाखवलं. वहिनीच्या या सवयीसाठी मी तिला जन्मभर फुकट ब्लाउज शिवणार आहे. तर मिथुनची आई म्हणाली की आमच्या घरात बाहेरची कामं घेऊन सुनेनं मशीन बडवलेलं चालणार नाही, माझे गुडघे गेलेत, तिनं घर बघायचं. आणि तिच्या पडद्यावरच्या माझ्याकडे बोट दाखवून तिनेच आप्पांना सांगितलं, "पोरनं काहीच म्हननं नही शे. दखा ना, कशी हात जोडीसन बठेल शे!" मी हात जोडून बसलेली! नऊ मिनिटं! नमस्कारात अडकलेलं माझं चित्र बघून तिकडच्यांना वाटलं की केवढी गुणी, केवढी शांत मुलगी, आणि मागे बसलेल्या आप्पांना माझी पाठच दिसत होती, त्यांनी ते खरं धरलं. शिवण सोडायचं ठरलं आणि साखरपुड्याची तारीखही ठरली, पुढच्या महिन्याची वीस. माय तर मला साखर भरवायला आली.

मी काय केलं, ते तू ओळखलंच असशील. आपलं होस्टेलचं हत्यार काढलं. आप्पा काही सांगायला आले की मी डोळे मिटायची. ऐकणाऱ्या माणसांना कान मिटता येत नाहीत बिचाऱ्यांना, आपल्याला हे सुख आहे. तीन दिवस त्यांना माझ्या बंद पापण्यांशिवाय काही दिसलं नाही. चौथ्या दिवशी मी वहीच्या पानावर लिहून त्यांच्या ताटाशेजारी ठेवलं: मी कशालाच हो म्हटलेलं नाही. मला मिथुनशी परत बोलायचंय, चित्र न अडकता. त्यासाठी फायबर घ्या, नाहीतर वीस तारखेला मी डोळे मिटून बसेन.

आता आप्पा वाईट नाहीत, ते तुला ठाऊक आहे. माझ्या शाळेसाठी त्यांनी माझं बोट धरून नंदुरबारच्या किती चकरा मारल्या. पण त्यांची अडचण प्रामाणिक होती. त्यांचं म्हणणं, नेट तर चालू आहे, आवाज येतोय, चित्र थोडं थांबलं म्हणून काय बिघडलं? शिवाय त्यांनी मुद्दे काढले, आणि मुद्दे काढण्यात वजनकाट्याचा माणूस कमी पडत नाही. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावरच्या तारा ओढून नेतात. केबल तुटली तर जगदीश येतो, दातांनी सोलतो, पीळ देतो, टेप गुंडाळतो, अर्ध्या तासात टीव्ही सुरू. ही फायबरची काच तुटली तर कोण जोडणार? आणि मुख्य मुद्दा वहिनीने मला हसत हसत लिहून दाखवला, "मी केबल बंद करं ते गल्लीनं काय व्हई?" त्यात जगदीशला सुगावा लागला. तो शिडी घेऊन हजर, काहीतरी खुडबुड केली आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, आते नवा कनेक्टर लाई दिधा शे, काहीच टेन्शन नही." त्या दिवशी संध्याकाळी मी तुला कॉल केला आणि तू अर्ध्या मिनिटात 'अडकलं' म्हणून बंद केलास. मी चिडून बूस्टरला चप्पल दाखवली.

मग मी पैज लावली. मी लिहिलं, आप्पा, एकच कॉल माझ्यासारखा करून दाखवा. दहा मिनिटं, आवाजाशिवाय. काही बिघडलं नाही तर मी फायबरचं नाव काढणार नाही. आप्पा हसले. रोज दुपारी जेवण झालं की फुईचा कॉल येतो, तेव्हाचीच वेळ धरली. मी मोबाईलचा आवाज दोन्हीकडून बंद केला आणि आप्पांच्या हातात दिला. फुई तर समोरचा गप्प असला तरी थांबत नाही, तिचं तोंड सुरूच. आप्पा तिच्या ओठांकडे बघत मान डोलवत होते, जसे ते रोज डोलवतात. आणि आशा, चौथ्या मिनिटाला केबलने माझी बाजू घेतली! त्यांचं चित्र तिकडे अडकलं. आप्पांनी बोट हलवलं, नाही नाही केलं, मोबाईल उंच धरला, गॅलरीत जाऊन आले. फुई आपली खुशीत. तिने काहीतरी विचारलं, थोडं थांबली, आनंदाने टाळी वाजवली आणि कॉल बंद केला. आप्पांनी मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि कॉलर ताठ केली. बघ, काही बिघडलं का? चांगली हसत होती. पैज ते जिंकले. मी फायबरचं नाव काढायचं बंद केलं, दुसरं काय करणार?

पाचव्या दिवशी दारात रिक्षा थांबली. पार्वतीफुई! दोन मोठ्या पिशव्या, एक वळकटी, लोणच्याची बरणी आणि आमच्यासाठी सुरतेच्या घारी मिठाईचा डबा. आप्पा ओट्यावर उभेच राहिले. फुई साखरपुड्यापर्यंतच काय, लग्न होईपर्यंत राहायला आली होती. आप्पांनी विचारलं असणार की न कळवता कशी आलीस, कारण फुईने कमरेवर हात ठेवून जे सुनावलं ते वहिनीने लगेच टिपलं. "तुलेच ते इचारं ना भाऊ! तू कशी मान हालाडी, मी म्हनतं भाऊ हो म्हनी ऱ्हायना!" मान हलवतानाच आप्पांचं चित्र अडकलं होतं, आणि फुईने तो होकार धरून सुनेच्या हाती घर सोपवून तिकीट काढलं होतं. वहिनी पदर तोंडात धरून हसत होती. मलाही हसू आवरेना. पण आप्पा हसत नव्हते. त्यांनी फुईकडे पाहिलं, पिशव्यांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना आपल्या दहाबारा खुणाच येतात, त्याही जेवलीस का, औषध कुठे ठेवलं अशा. पण भर ओट्यावर त्यांनी माझ्यासमोर दोन्ही हात जोडले, तसेच धरून ठेवले, आणि मग बोट हलवून 'नाही' केलं. म्हणजे, तो होकार नव्हता. त्यांना कळलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले आणि फुईला वाटलं, ती आली म्हणून मला भरून आलं!

मग काय विचारतेस, आप्पाच पुढे. शहाद्याच्या फायबरवाल्याला त्यांनी स्वतः बोलावून आणलं. तार किती उंचावरून न्यायची यावर त्याच्याशी अर्धा तास हुज्जत घातली, कारण भरलेली ट्रॉली किती उंच असते हे आप्पांइतकं या तालुक्यात कुणाला माहीत नसेल. शेवटी लिंबाच्या वरून, पुढच्या खांबाला दोन फुटांची कांब जोडून तार घेतली. आणि आशा, ती काच! केसासारखी. त्याने दोन टोकं एका छोट्या मशीनमध्ये ठेवली, पडद्यावर ती खांबाएवढी दिसली, एक ठिणगी उडाली आणि दोन्हींची एकच झाली. मग तपासायला त्याने लांबच्या टोकाला लाल उजेड सोडला आणि आमच्या भिंतीतल्या टोकातून तो बाहेर आला. मी टाळ्याच वाजवल्या. हे नेट उजेडाचं आहे गं! आवाजाबिवाजाचा काही संबंध नाही. होस्टेलला लाइट गेली की आपण मुक्या व्हायचो आणि एकमेकींच्या तळहातावर अक्षरं काढत बसायचो, आठवतं? आपली भाषा उजेडातच चालते, आणि आता माझ्या घरात उजेडाची तार आहे. मी त्या माणसाला दोन वेळा चहा पाजला.

जगदीशला मात्र राग आला. आप्पांनी टीव्हीची केबल ठेवली, पण जो माझं नेट घेत नाही त्याच्या घरी माझा बूस्टर नाही, असं म्हणून त्याने पेटी काढून समोरच्या उखाकाकांच्या ओसरीत नेऊन लावली. मांजर पण गेली तिकडे. परवा टीव्ही गेला तेव्हा सवयीने चार बायका आमच्याच दारात आल्या. आप्पांनी पेपरातून मान वर न करता उखाकाकांच्या घराकडे बोट दाखवलं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? मी जवळ जाऊन बसले तर त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पेपराचं पान उलटलं.

शुक्रवारी दुपारी मिथुनशी कॉल झाला. परत सगळे बसले, पण या वेळी आप्पांनी सगळ्यांना मागे सारलं आणि पलीकडच्यांना सांगितलं, "आते जे काय शे ते मन्ही पोर सोताच सांगी." मी हात वर केले. मी सांगितलं, मागच्या वेळी मी कशालाच हो म्हटलं नव्हतं, माझं चित्र अडकलं होतं. मी शिवण सोडणार नाही. हे तुला मान्य असेल तर पुढे बोलू, आणि नसेल तर वाईट वाटून घेऊ नको, मीही घेणार नाही. आणि मी हवी आहे ती कुणाला, हे आधी सांग. सगळं एका दमात गेलं, आशा. एकही बोट गळालं नाही. त्याने मोबाईल उचलला आणि चालायला लागला. स्वयंपाकघर, जिना, वरची खोली, सगळं न थांबता दिसत गेलं. एका खिडकीपाशी तो थांबला. तिथे जागा मोकळी केलेली होती, जमिनीवर खडूने चौकोन आखला होता आणि शेजारी नवा प्लग बसवला होता. मोबाईल खिडकीत टेकवून तो म्हणाला, पहिल्याच दिवशी चित्र अडकायच्या आधी, तुम्ही मोबाईल उभा करत होतात तेव्हा, त्याच्याखालचं मशीन मला दिसलं होतं. हा उजेड उत्तरेचा आहे, दिवसभर सारखा राहतो, हिरा बघायला हाच चांगला, सुईत दोरा ओवायलाही चांगला असणार. महिनाभर मी आईशी भांडतोय. तू हवी आहेस असं मीच म्हणतोय, दुसरं कुणी नाही. तेवढ्यात त्याची आई धापा टाकत जिना चढून आली. तोंड फुगलेलंच होतं. तिने वहिनीला काहीतरी विचारलं, आणि वहिनीने मला लिहून दाखवलं, त्या विचारताहेत की मोहिनीला फुग्याच्या बाह्या जमतात का! मी इतकी हसले की हो म्हणायला मला दोन मिनिटं लागली. पण या वेळचं हो माझं होतं, माझ्या हातांनी केलेलं.

हे सगळं सांगायला मी शुक्रवारी संध्याकाळी तुला कॉल केला. आता शेवटचं, ज्यासाठी हे पत्र लिहिलंय. मंगळवारी पहिला कॉल केला तेव्हा दोन मिनिटांत तू 'अडकलं' अशी खूण केलीस आणि बंद केलंस. मला वाटलं नवीन तार आहे, बसेल हळूहळू. शुक्रवारीही तसंच झालं. पण तोवर मी मिथुनशी पाऊण तास न थांबता बोलले होते, आशा. माझं चित्र अडकलं नव्हतं. तुमच्याकडे फायबर, माझ्याकडे फायबर, तुझ्यामागचा पंखा गरगर फिरत होता, पडदा हलत होता, आणि तू बोटांत बोटं गुंतवून 'अडकलं' सांगत होतीस. दोन्ही वेळा त्याच्या आधी तुझी नजर दाराकडे गेली, आणि दोन्ही वेळा दाराच्या चौकटीवर हिरव्या बांगड्यांचा एक हात आला. तीन वर्षं मी केबलला शिव्या दिल्या, बूस्टरला चप्पल दाखवली, जगदीशला नाही नाही ते बोलले, आणि तू मजेत आहेस असं धरून चालले. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू हात जोडून बसली होतीस. मी शेजारीच होते. तुला कुणी विचारलं का, हे मी विचारलं नाही. आज विचारते. तू बरी आहेस का? मोबाईलवर विचारलं असतं तर तुझ्याआधी दुसऱ्या कुणी वाचलं असतं, म्हणून घडीतून विचारतेय. पुढच्या रविवारी सकाळी अकराला मी कॉल करीन. आप्पांना सगळं सांगितलंय, ते शेजारी बसतील. माझं चुकत असेल तर मला वेडी म्हण, हस, फुग्याच्या बाह्यांवरून चिडव, मी आनंदाने ऐकून घेईन. आणि चुकत नसेल तर काहीच सांगू नकोस, दारात कुणीही उभं असू दे, तू फक्त 'अडकलं'ची खूण कर आणि बंद कर. सोमवारी सकाळी आप्पा आणि मी जीप घेऊन खापरला येऊ, साखरपुड्यासाठी मैत्रिणीला न्यायला आलोय म्हणून. परत कधी पाठवायचं ते तू ठरवशील. माझ्या खोलीत तुझी खाट घातलेली आहे, आणि मी सुरतेला गेले की इथलं मशीन रिकामंच राहणार आहे, कारण मिथुन मला नवीन घेतोय. तू फक्त खूण कर. या वेळी मी नेटला दोष देणार नाही.

अकरा वाजायची वाट बघणारी, तुझीच
मोहिनी